चार वाजून एक मिनिट

संपादकांचं पत्र आलं की यंदाच्या अंकात यंत्रांविषयी काही हवं आहे. परदेशात बुद्धिबळ खेळणारी यंत्रं निघाली आहेत, उद्या ती स्वतःच्या बुद्धीनं वागू लागली तर माणसाचं काय होईल, यावर विद्वानांचे लेख आलेले आहेतच. तुम्ही वीज खात्यातले, तुमचाही अनुभव लिहा.

मी विद्वान नाही. भोर-वेल्हे भागाला वीज देणाऱ्या एका लहान सबस्टेशनवर मी अठरा वर्षं ऑपरेटर आहे. स्वतःहून चालणारं एक यंत्र मला जवळून माहीत आहे आणि स्वतःहून न चालणारा एक माणूसही माहीत आहे. तो माणूस मीच. या दोघांच्या मध्ये किसन ओव्हाळ नावाचा लाइनमन मेला. खात्याच्या कागदावर तो स्वतःच्या चुकीनं मेला. ते खरं नाही. बाकीचं सगळं त्या एका कारणासाठी लिहितो आहे.

आधी काम काय असतं ते सांगतो. सबस्टेशन म्हणजे वीज साठवण्याची जागा नव्हे. मार्गासनीचे एक गृहस्थ दर उन्हाळ्यात येऊन, "आमच्या वाटणीची कुठल्या टाकीत ठेवलीय ते दाखवा," असं म्हणायचे. त्यांची समजूत मी कधीच काढू शकलो नाही. इथं मोठ्या लाईननं वीज येते, तिचा दाब कमी होतो आणि ती चार दिशांना जाते. प्रत्येक दिशेच्या लाईनला एक ब्रेकर असतो, म्हणजे लोखंडी पेटीतलं मोठं बटण. मी ते चढवतो, उतरवतो, दर तासाला आकडे लिहितो. वेल्ह्याकडे जाणारी लाईन माझ्याकडूनच निघते. मार्गासनीवरून पुढं डोंगराच्या कडेकडेनं ती अकरा हजार व्होल्ट घेऊन जाते.

ब्रेकरच्या वर काचेच्या डबीत रिले बसवलेला असतो. त्यात ॲल्युमिनियमची चकती असते. लाईनवर तार तुटली, फांदी पडली, कुठं वीज जमिनीत उतरू लागली, की ती चकती फिरते आणि ब्रेकर धाडकन उतरतो. त्याला आम्ही ट्रिप होणं म्हणतो. त्याच वेळी डबीत एक छोटं रंगीत पान खाली पडतं. त्या पानावरून कळतं की बिघाड कसला आहे. वीज जमिनीत उतरली असेल तर 'अर्थ'चं पान पडतं. हे सगळं माणसाला न विचारता, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. नवीन आलो तेव्हा मला त्या चकतीचं फार कौतुक वाटायचं. साहेब असो की सरपंच, ती कुणाचं ऐकत नसे.

मला याद्या करायची सवय आहे. घरी किराण्याची, देण्याघेण्याच्या भांड्यांची, कुणाच्या लग्नाला कोण गेलं याचीसुद्धा यादी असते. सबस्टेशनवर मी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात एक यादी लिहून भिंतीला लावली होती. ब्रेकर ट्रिप झाल्यास: वेळ लिहा. पान वर करा. एक मिनिट थांबा. एकदा पुन्हा चढवा. पुन्हा ट्रिप झाल्यास चढवू नका, साहेबांना कळवा. आमचे उपअभियंता साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी ती वाचून मान हलवली आणि दुसऱ्या दोन सबस्टेशनांवर तशाच लावायला सांगितल्या. मी त्या आनंदानं लिहून दिल्या. पुन्हा चढवण्याला अर्थ होता. दहातल्या सात-आठ वेळा एखादी वाळकी फांदी किंवा कावळा असतो, तो जळून पडतो आणि लाईन उभी राहते.

'पान वर करा' असं मी लिहिलं होतं. 'पान वाचा' असं लिहिलं नव्हतं.

आता किसनविषयी. किकवीचा, माझ्याच वयाचा, अंगानं किरकोळ. खांबावर चढताना त्याला पाहिलं की हा माणूस जमिनीवर उगाच राहतो असं वाटायचं. तो मला भाऊसाहेब म्हणायचा, मी त्याला किसनराव. त्याचा हेल्पर गेनबा त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, जाड, आणि सायकलवर बसला की सायकल कण्हायची. दोघांची दिवसभर जुंपलेली असे.

"गेनबा, लेका, शिडी धर, भिताड धरल्यागत उभा ऱ्हाऊ नगं."

"तू चढ की गप. वर बसून राजावानी हुकूम सोडतोय."

"वर बसल्यावर राजाच असतो मानूस. खाली आल्यावर पुन्ना हायेच आपला नंबर."

त्या 'नंबर'मधलं दुखणं मला ठाऊक होतं. काही गावांत लाईट गेली की त्याला बोलवायला धावत यायचे आणि काम झालं की पाणी वरून ओंजळीत ओतायचे. एकदा मी विचारलं, "किसनराव, राग येत नाही?" तो पक्कड पुसत म्हणाला, "येतो की. पन भाऊसाहेब, तारंचं एक बरं हाय. तिला कळत न्हाई खांबावर कोन चढलाय. समद्यांना सारकीच धरती."

हा माणूस स्वतःचं डोकं चालवणारा होता. एकदा झिमझिम पावसात साहेब खांबाखाली छत्री धरून उभे होते आणि त्याला वर जायला सांगत होते. किसननं हात जोडले. "साहेब, असं करू. तुमी या वर, म्या खाली छत्री धरतो." साहेब लाल झाले. गेनबा दुसरीकडं तोंड करून खोकत राहिला. पाऊस उघडल्यावर किसन आपणहून चढला आणि अंधार पडेपर्यंत काम करून उतरला. साहेबांनी ते लक्षात ठेवलं.

लाईनवर माणूस चढायचा म्हणजे परमिट लागतं. लाइनमन मला सांगतो, मी ब्रेकर उतरवतो, कुलूप लावतो, नंबर देतो. काम झालं की तोच माणूस, त्याच नंबरानं, स्वतःच्या तोंडानं मला सांगतो, "उतरलो, चालू करा." त्याखेरीज लाईन चढवायची नाही. नियम एवढाच आणि तो पक्का.

पण मार्गासनीच्या पुढं फोन नव्हता. काम वर डोंगरात. उतरून सायकलनं मार्गासनीच्या पोस्टात यायचं, तिथून कॉल लावायचा, तो लागेपर्यंत बसायचं. काम अर्ध्या तासाचं आणि वीज बंद चार तास. गिरण्या बंद, पंप बंद, दवाखान्यातून निरोप, साहेबांकडं तक्रारी. म्हणून आम्ही आमची एक रीत पाडली. निघतानाच किसन वेळ सांगायचा. "भाऊसाहेब, तीनला चढवा, आमी उतरलेलो असू." मी वहीत लिहायचो आणि बरोबर तीनला चढवायचो. आम्ही त्याला घड्याळाचं परमिट म्हणायचो. कुठल्याही पुस्तकात असं परमिट नाही. साहेबांना माहीत होतं. त्यांनी कधी लेखी परवानगी दिली नाही आणि कधी मनाही केली नाही.

तीन वर्षं ते बिनचूक चाललं. किसन दर वेळी सांगितलेल्या वेळेच्या आधी उतरायचा. वहीत त्याची वेगळी पानं होती. मला त्या पानांचा अभिमान होता, हे कबूल करतो. वेळ ठरली की मला काही ठरवायचं उरत नसे. काटा तिथं आला की हात ब्रेकरच्या दांड्यावर जायचा.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. वेल्ह्याच्या बाजूला एका गावात पिण्याच्या पाण्याचा नवा पंप बसला होता आणि साडेचारला पाहुणे येऊन त्याचं बटण दाबणार होते. आदल्या दिवसापासून त्या लाईनवर एक इन्सुलेटर, म्हणजे तार ज्यावर बसते ती चिनीमातीची वाटी, तडकलेली होती. किसन आणि गेनबा दुपारी बाराला निघाले. जाताना किसन खिडकीशी आला.

"चारला चढवा."

"नक्की? आज पाहुणे आहेत."

"पाव्हणं आल्यात म्हनून वाटी लवकर बसती का? चार म्हंजे चार."

त्यानंतर वर काय झालं ते गेनबाकडून कळलं. तडकलेली वाटी बदलून झाली तेव्हा सव्वातीन वाजले होते. उतरताना किसनला शेजारच्या खांबावरची वाटीही तडकलेली दिसली. ती तशीच ठेवली असती तर दोन दिवसांत लाईन पुन्हा गेली असती, त्या नव्या पंपासकट. तो म्हणाला, हेही उरकून टाकू. तारेवर त्यानं अर्थची साखळी टाकली, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाईल. मग गेनबाला सायकलवर पिटाळलं. "मार्गासनीला जा. भाऊसाहेबांना सांग, पाच वाजंपतुर थांबा. न्हाईतर ते काट्यावर बसल्यालं असत्यात."

गेनबा पोस्टात पोचला तेव्हा चार वाजायला पाच-सात मिनिटं होती. त्यानं कॉल मागितला. सबस्टेशनचा फोन एंगेज लागला. पुन्हा मागितला. एंगेज.

फोनवर साहेब माझ्याशी बोलत होते. ते त्या गावी जायला निघाले होते आणि वाटेत थांबून त्यांनी फोन लावला होता. "चारला नक्की ना? पाहुणे वाटेत आहेत. मला बटण दाबल्यावर पाणी दिसलं पाहिजे."

"हो साहेब, चारचं परमिट आहे."

"मी फोन धरतो. चढव आणि सांग."

काटा चारवर आला. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, कुलूप काढलं, ब्रेकर चढवला. तो लगेच उतरला. रिलेमधलं पान पडलं. अर्थचं.

इथं मला सावकाश लिहायचं आहे, कारण सगळं एवढंच आहे.

हवा स्वच्छ होती. वारा नव्हता, पाऊस नव्हता. कोरड्या थंडीच्या दिवसांत अर्थचं पान सहसा पडत नाही. तारेवर साखळी टाकलेली असेल तर मात्र हमखास पडतं. हे मला माहीत होतं. नवीन ऑपरेटर आले की हे मीच त्यांना शिकवायचो. त्या चकतीला किसन माहीत नव्हता, साहेब माहीत नव्हते, पाहुणे माहीत नव्हते. तिला एकच गोष्ट कळत होती, वीज जिथं जाऊ नये तिथं जाते आहे. तिनं ती सांगितली. ती वाचायला खोलीत एक माणूस होता आणि तो भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं बघत होता.

मी वेळ लिहिली. पान वर केलं. एक मिनिट थांबलो. खरोखर घड्याळाकडं बघत थांबलो. टेबलावरच्या रिसीव्हरमधून साहेबांचा आवाज येत होता, "काय झालं? काय झालं?" मी रिसीव्हर उचलून म्हणालो, "ट्रिप झाला साहेब. एक ट्रायल घेतो."

"घे."

चार वाजून एक मिनिटानं मी पुन्हा चढवला. या वेळी लाईन उभी राहिली. मला हायसं वाटलं. वहीत लिहिलं, लाईन नॉर्मल.

साहेबांनी फोन ठेवला. लगेच घंटा वाजली. "भाऊसाहेब, चढवू नगा, किसन वर हाय," गेनबा ओरडत होता. "व्हय, वर हाय अजून! ऐकताय न्हवं?"

मी ब्रेकर उतरवला. तेवढं तरी कुणाला न विचारता केलं.

आम्ही तिथं पोचलो तेव्हा किसन खांबाच्या पायथ्याशी होता. साखळी तारेवरून उडून लांब पडली होती. जमीन मुरमाड आणि कोरडी, साखळीचं खालचं टोक नीट रुतलं नसावं. पहिल्या झटक्यात ती जळून सुटली. पहिल्या वेळी त्याला काही झालं नसावं. त्याच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल उघडलेलं होतं. खांबाला बांधून घेतात तो पट्टा कुणी काम चालू असताना सोडत नाही. म्हणजे पहिला आवाज झाल्यावर त्याला कळलं होतं आणि तो उतरत होता. त्याला मी एक मिनिट दिलं होतं. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो, तर तो खाली येऊन मला शिव्या देत मार्गासनीला आला असता.

चौकशी झाली. आदल्या संध्याकाळी साहेब माझ्या घरी आले, चहा घेतला नाही. म्हणाले, "घड्याळाच्या परमिटचा उल्लेख करू नको. तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल, त्यानं किसन परत येणार नाही. त्याचं परमिट चारपर्यंत होतं, एवढंच लिही. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. मी तेवढंच लिहिलं.

चौकशी अधिकाऱ्यांनी वही पाहिली. "हा पहिला ट्रिप कशामुळं?"

"सांगता येत नाही साहेब."

"फांदी वगैरे असेल. पुन्हा चढवताना तुम्ही स्वतः निर्णय घेतला, की कुणी सांगितलं?"

"सूचनेप्रमाणे केलं."

"कुणाच्या?"

मी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. त्यांनी तो वाचला, साहेबांसारखीच मान हलवली. कुठलं पान पडलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. किसन पिणारा होता का, हे मात्र विचारलं. मी नाही म्हणालो. गेनबाला आत बोलावलंच नाही. निकालात आलं: मृतानं मुदतीत लाईन सोडली नाही आणि पट्टा न बांधता काम केलं.

पट्टा न बांधता. उतरायची घाई झालेल्या माणसाविषयी.

तो पुठ्ठा मी काढून टाकला. त्यानंतर घड्याळाचं परमिट आमच्याकडं कुणी घेतलं नाही. वीज चार तास बंद राहिली तर राहते. तक्रारी येतात, मी त्या लिहून घेतो. एवढी सुधारणा झाली. याला सुधारणा म्हणायचं की नाही ते ठाऊक नाही.

या वर्षी आमच्याकडं नवं यंत्र आलं. ट्रिप झाल्यावर ब्रेकर आपोआप पुन्हा चढवणारं. पुण्याहून आलेले तरुण इंजिनिअर उत्साहानं समजावत होते. "आता ऑपरेटरनं काही करायचं नाही. हे स्वतःच ठरवतं."

"काय ठरवतं?"

"थोडं थांबून पुन्हा चढवायचं. तीन वेळा. मग बंद."

"वर माणूस असला तर?"

"परमिट देताना हे कुलूपबंद करायचं."

"कुणी?"

"तुम्ही," ते म्हणाले आणि माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं.

लोक विचारतात, यंत्र स्वतःचं ठरवू लागलं तर काय? हे यंत्र काही ठरवत नाही. थांबतं आणि पुन्हा चढवतं. हे काम किती विश्वासानं करता येतं ते मी जाणतो, कारण मी ते केलेलं आहे. चकती वेगळं काही करू शकत नव्हती. मी करू शकत होतो. माझ्या हाताला दांडा सोडता येत होता, तोंडाला नाही म्हणता येत होतं. त्या दिवशी संपूर्ण लाईनवर स्वतःच्या डोक्यानं वागलेला एकच माणूस होता. कागदावर दोष त्याचाच निघाला.

लेख लिहायचं ठरल्यावर मी किकवीला गेलो. किसनची बायको सोनाबाई रानातून नुकतीच आली होती. मला ओळखलं. बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. पान पडल्याचं, एका मिनिटाचं, बक्कलाचं. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं नवरा आपल्या चुकीनं मेला असंच ती धरून चालली होती.

तिनं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पट्टा सोडला म्हनून म्या त्येंनाच बोल लावत आले. फोटूला बी बोलले कवा कवा."

मी म्हणालो, "वहिनी, हे छापायचं आहे. कार्यालयालाही लेखी द्यायचं आहे. माझं काय व्हायचं ते होईल. पण तुम्ही हो म्हणालात तरच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाज चढला नाही.

"म्या हो म्हनायचं? म्हंजे उद्या कुनी इचारलं तर तुमी सांगनार, बाईनं सांगितलं म्हनून केलं?"

"तसं नाही, वहिनी."

"तसंच हाय. तवा साह्येब म्हनलं, पुठ्ठा म्हनला, घड्याळ म्हनलं. आता म्या म्हनू? न्हाई म्हननार. हो बी म्हननार न्हाई अन् नगं बी म्हननार न्हाई. तुमचं तुमी ठरवा भाऊसाहेब."

ती उठून आत गेली. चूल पेटवल्याचा आवाज आला. मी घोंगडी उचलून घडी घातली आणि निघालो.

कार्यालयाला अर्ज सोमवारी दिला. त्यात पडलेलं पान कुठलं होतं ते लिहिलं आहे, घड्याळाच्या परमिटचं लिहिलं आहे आणि निकालातलं पट्ट्याचं वाक्य काढावं अशी मागणी केली आहे. पुन्हा चढवण्याचा निर्णय कुणाचा, या प्रश्नापुढं माझं नाव लिहिलं. अर्ज लिहायला कुणी सांगितलं, असं आवक विभागातल्या कारकुनानं शिक्का मारता मारता विचारलं. कुणी नाही, म्हणालो. त्याला ते खरं वाटलं नाही.